वाटेत मांगितलेलं पाणी

नागपूर, जानेवारी १९६५

माय, कडूबाचं डोकं तुझ्या पायावर.

मी इथं खुशाल आहो, दोन टाइम पोटभर जेवतो. म्हशीचा पाय बरा झाला का? हे पत्र आपल्या शेषरावकडूनच वाचून घेजो, मास्तराकडून नको, तो गावभर सांगते.

जखमी माणसाचं दवाखान्यात येईपर्यंत वाटेत काय होते, याचा आमचे डॉक्टरसाहेब अभ्यास करून राह्यले. म्हणून मी दवाखान्याच्या मोटारीत बसून जखमींले आणायले जातो. साहेबांची ताकीद आहे, पोटाले मार असला तर पाणी द्यायचं नाही. भूल दिल्यावर उलटून ते छातीत जाते.

परवा एका जवान गाडीवानाच्या पोटावरून चाक गेलं. वाटभर तो पाणी मांगत होता. तांब्या माझ्या मांडीपाशीच होता. मी नुसतं फडकं भिजवून त्याच्या ओठावर फिरवलं. दवाखाना दिसला अन् त्यानं मान टाकली.

त्याची माय मागून आली. रडली नाही. तिनं इचारलं, "जाताना तोंडात पाणी पडलं ना, लेका?"

मी म्हणलं, "हो माय, पोटभर पेला तो."

तिनं माझ्या गालावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. म्हणे, "तुले जन्म देणारी पुण्यवान."

साहेब म्हणतात, पाणी नाही दिलं हे बरोबरच केलं. पण तुझ्या नावाचा तो आशीर्वाद मी तिच्याशी खोटं बोलून घेतला, माय. तुले तोंड दाखवायची लाज वाटते.

दारावरून कोणी गाडीवान गेला, तर त्यानं मांगायच्या आधी त्याले तांब्या देजो.

तुझा
कडूबा