दोन मार्कांचा खंड

३ मे, संध्याकाळ
जुनी विद्यार्थिनी भेटून गेली. आता नर्स आहे. लेसोथो नावाच्या देशात, डोंगरातल्या इस्पितळात नोकरी लागली. जूनमध्ये जायचं. विचारत होती, हवा कशी असते, सामानात काय नेऊ. एकवीस वर्षं इतिहास-भूगोल शिकवतोय; अडखळलो नाही. आफ्रिका म्हणजे ऊन, वाळू. सुती कपडे ने, स्वेटरचं ओझं नको. तिने लिहून घेतलं. ती गेल्यावर हिने विचारलं, 'तुम्हाला नक्की माहीत आहे ना?' हिला शंका काढायची खोडच आहे.

४ मे
नकाशात लेसोथो सापडेना. शेवटी सापडला, दक्षिण आफ्रिकेच्या पोटात, भोक पडल्यासारखा. छपाईची चूक वाटली. दुसरा ॲटलास काढला. त्यातही तीच चूक.

५ मे
पुस्तकातला आफ्रिकेचा धडा वाचला. पहिल्यांदाच. माझ्या प्रतीची पानं अजून एकमेकांना चिकटलेली होती. धडा शेवटचा, मार्क दोन. दरवर्षी सांगतो, घरी वाचून घ्या. पन्नासच्या वर देश दोन मार्कांत बसवले कुणी? मी नाही. इतिहासाच्या पुस्तकातही जहाजं आफ्रिकेला वळसा घालून पुढे जातात. मीही त्यांच्या मागोमाग जात आलो, एवढंच.

७ मे
लेसोथो: सगळा देश उंचावर. जून-जुलैत कडाक्याची थंडी, डोंगरात बर्फ. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असतात, हे मात्र मी नेमाने शिकवतो. आज तिला फोन करायचाच.

८ मे
फोन केला नाही. अशा गोष्टी समोरासमोर सांगाव्यात.

१२ मे
तिच्या घरी गेलो. आई म्हणाली, सर स्वतः आले, आमचं भाग्य. बॅग उघडून दाखवली. सगळे स्वेटर काढून मावसबहिणीला दिले होते. वडील म्हणाले, सरांनी सांगितलं म्हटल्यावर विचारायचं काय. पाणी मागितलं. निघताना तिला म्हणालो, पासपोर्ट जपून ठेव.

१९ मे, दुपार
मेसेज लिहिला: 'माझं चुकलं, तिथे बर्फ पडतो.' फार थेट वाटला. मग 'दोन स्वेटर असू देत.' शेवटी पाठवला तो असा: 'हवामान बदलतं, तब्येत जप.' तिने नमस्काराचे हात पाठवले. म्हणजे सूचना दिली गेली. जबाबदारी संपली.

२० मे
संपली नाही. जेवण गेलं नाही.

४ जून
ती गेली. निरोपाला जाणार होतो. गुडघा दुखत होता. बहुतेक उजवा.

१६ जून
शाळा सुरू. यंदा आफ्रिका पहिली, असं स्टाफरूममध्ये जाहीर केलं. मोठ्या बाईंनी विचारलं, पोर्शन पूर्ण होईल ना? म्हणालो, तो झाल्यावर घेतो.

२९ जून
तिचा फोन आला. बर्फ पडलाय. पहिला आठवडा ती तापाने त्याच इस्पितळात पेशंट म्हणून होती. तिथल्या मेट्रनने स्वतःचा कोट दिला. आता बरी आहे. आज सांगून टाकायचं म्हणून मी खुर्चीतून उठून उभासुद्धा राहिलो. तेवढ्यात तीच म्हणाली, 'सर, रागावू नका. तुम्ही वर्गात नक्की शिकवलं असणार, माझंच लक्ष नसेल. घरी तुम्ही घाईत सांगितलंत, पण मला आठवायला हवं होतं.'

मी म्हणालो, 'असू दे. होतं असं.'