नुकसान: शून्य

४ मे, सकाळी ६.४०

बायको काल दुपारी तिच्या बहिणीकडे गेली. दोन बॅगा घेऊन. पुढच्या रविवारी परत येईल. फार तर सोमवारी.

नोंद करण्यासारखं विशेष काही नाही. तरी रोजनिशी सुरू करतोय, कारण घरात शांतता आहे आणि ऑफिसातली ही वही वाया चालली होती.

हवामान खात्यात बावीस वर्षं टोर्नाडोची पाहणी करतोय. वादळ गेलं की मागून जायचं, काय काय मोडलं ते बघायचं आणि शून्य ते पाच यांपैकी एक आकडा द्यायचा. शून्य म्हणजे चार पत्रे सरकले, एखादी फांदी मोडली. पाच म्हणजे घर पायापासून पुसलं गेलं. या अनुभवावरून कालच्या प्रकाराला मी शून्य देतो. भांडं फुटलं नाही, दार आपटलं नाही, आवाज चढला नाही. तिने बॅग भरली, मी टॅक्सी बोलावली.

संकल्प: १) रोज पाच किलोमीटर चालणे. २) स्वतः स्वयंपाक करणे. ३) तिला आपणहून फोन न करणे. तिला विचार करायला वेळ द्यावा.

४ मे, संध्याकाळी ७.१५

चाललो नाही. बूट सापडले नाहीत. भात लावला. पातेलं काळं झालं, पण ते मुळात पातळच होतं.

६ मे, सकाळी ५.३०

काल संध्याकाळी नव्वद किलोमीटरवरच्या एका वस्तीवर टोर्नाडो येऊन गेला. आज पाहणी. माणसं वाचली, घरं गेली. जीपमध्ये बसून लिहितोय.

ड्रायव्हर चौदा वर्षांपासून माझ्याबरोबर आहे. त्याला बोल म्हणून सांगावं लागत नाही, गप्प बस म्हणून सांगावं लागतं. माझ्या हातात डबा नाही हे त्याने जीपचं दार उघडण्याआधीच हेरलं आणि वहिनी कुठे म्हणून विचारलं. हवापालटाला गेल्यात म्हणालो. त्यावर तो चक्क गप्प बसला.

६ मे, संध्याकाळी ६

दिवस वाईट गेला. लोकांना शिस्त नाही.

कितीदा सांगतो, आम्ही येईपर्यंत काही हलवू नका. लोकांना वाटतं आम्ही वारा मोजतो. वारा गेल्यावर तो कोण मोजणार? मोजायचं यंत्र जिथे असतं तिथे टोर्नाडो येत नाही, आणि आलाच तर यंत्र राहत नाही. म्हणून मोडकं बघून उलटा हिशेब करायचा. भिंत कुठल्या बाजूला पडली, छत कुठे जाऊन पडलं, झाडाची साल निघाली का. ढिगारा हाच आमचा पुरावा.

आणि तिथल्या एका म्हाताऱ्या शिंप्याने माझ्या आधी पहाटेपासून राबून सगळा ढिगारा उचलून टाकलेला. फळ्या एका बाजूला रचल्या, पत्रे गुंडाळले, उरलेली फरशी झाडून काढली, आणि त्या फरशीवर खुर्ची टाकून बसला होता. मी तापलो. असं का केलंत म्हणून विचारलं. म्हणाला, दुपारी मुलगी येणार आहे, तिला हे बघवणार नाही. मी म्हणालो, अहो, पण आता तुमचं किती गेलं हे मला कसं कळणार? त्यावर तो म्हणाला की मला माहीत आहे ना.

अशाने काम होत नाही.

७ मे, दुपारी

शिंप्याच्या घराला दोन दिले. घर पायाला बोल्टने बांधलेलं नव्हतं, नुसतं ठेवलेलं होतं. असं घर उडवायला फार वारा लागत नाही. फोनवर त्याला सविस्तर समजावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, म्हणजे चूक वाऱ्याची नाही, घराची? तांत्रिकदृष्ट्या तसंच, म्हणालो.

त्याने आभार न मानता फोन ठेवला. असो. नियम म्हणजे नियम.

पातेलं क्रमांक दोन गेलं.

९ मे, सकाळी ९

मेव्हणीचा फोन आला. सव्वीस मिनिटं. त्यातली पंचवीस ती बोलली.

मुद्दा असा की सासूबाई नोव्हेंबरात गेल्या तेव्हा मी काय बोललो, हे मला आठवतं का. आठवतं की. मी म्हणालो होतो, शहाऐंशी वर्षं, झोपेत, वेदना नाहीत, याहून सौम्य जाणं नसतं. यात चुकीचं काय आहे ते कुणी दाखवावं. आणि तीन तारखेला बायको आईचा चष्मा पुसत बसली होती, तेव्हा मी एवढंच म्हणालो की आता सहा महिने झाले. हेही खरंच आहे. कॅलेंडर भिंतीवर आहे.

त्यावर बायको तेव्हा म्हणाली होती की तुमच्याजवळ रडायचं तर आधी पुरावा द्यावा लागतो. मग उठली आणि बॅगा काढल्या. हे वाक्य मी त्या दिवशी नोंदवलं नव्हतं, महत्त्वाचं वाटलं नाही. आज मेव्हणीने तेच ऐकवलं, शब्द न शब्द. म्हणजे तिथे सारखं तेच बोलणं चालतं.

११ मे, रविवार, सकाळी ८

आज येणार. दोन कप काढून ठेवले.

११ मे, संध्याकाळी ६.३०

रविवारी गाड्यांना गर्दी असते. उद्या येईल.

१३ मे

आली नाही.

कोचावर झोपतोय. पाठीला बरं असतं. बेडरूममध्ये उगाच गरम होतं. तिच्या कुंड्यांतली तीन रोपं वाळली. वास्तविक मी रोज पाणी घालणार होतो.

ऑफिसात वजनकाटा आहे. साडेचार किलो कमी झालो. चालण्याचा संकल्प केल्याचा परिणाम दिसतोय.

जीपमध्ये ड्रायव्हरने विचारलं, साहेब, पाचाच्या वर सहा का नाही? चांगला प्रश्न. म्हणालो, पाचात सगळंच जातं. त्याहून जोराचा वारा आला तरी मोडायला काही शिल्लक नसतं, मग तो जोर कशावरून ओळखायचा? वाऱ्याला मर्यादा असेल, नसेल, आपली पट्टी तिथे संपते. तसंच मोकळ्या माळावरून गेला तरी कळत नाही. कितीही भयंकर असो, वाटेत काही उभंच नसेल तर आपण लिहितो, आकडा देता येत नाही.

तो म्हणाला, म्हणजे शून्य. मी म्हणालो, अजिबात नाही, शून्य वेगळं आणि माहीत नाही वेगळं. नव्या लोकांची इथेच गल्लत होते. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि आज दाढी राहिली का म्हणून विचारलं.

१५ मे, दुपारी १.२०

मेव्हणीचा पुन्हा फोन. चार मिनिटं. आवाज मऊ होता.

बायको रविवारी अकरा वाजता येणार आहे. बहिणीच्या घराजवळ एक खोली बघितली आहे, एक तारखेपासून घ्यायची की नाही ते अजून ठरवलेलं नाही. इथे येऊन बघणार आणि मग ठरवणार. मेव्हणी म्हणाली, भावोजी, तिला फक्त एवढंच बघायचंय की ती गेल्याचं तुम्हाला काही झालं का.

कळलं. म्हणजे पाहणी. आयुष्यभर पाहण्या केल्यात, मला कुणी शिकवायला नको. रविवारी या घरात बोट ठेवायला जागा सापडणार नाही.

१६ मे

अर्ज टाकून रजा. ड्रायव्हरला जीपसकट बोलावलं. नवी पातेली घेतली, जुन्यांच्याच मापाची. तशीच रोपं रोपवाटिकेतून आणून त्याच कुंड्यांत लावली. कोचावरची उशी-चादर बेडरूममध्ये नेली. ब्रेडची रिकामी पाकिटं मोजली नाहीत, पोतं भरलं.

ड्रायव्हर सगळं उचलत होता, पण तोंड पाडून. शेवटी म्हणाला, साहेब, थोडं राहू द्या की. वहिनींना बघू द्या. मी म्हणालो, पसारा बघून कुठली बाई परत येईल? पालथ्या घड्यावर पाणी, असं काहीतरी तो पुटपुटला आणि पोतं घेऊन खाली गेला.

१७ मे, संध्याकाळी ५

केस कापले. शर्ट ढगळ होतो म्हणून नवा घेतला, एक माप लहान. आरशासमोर उत्तरांची उजळणी केली. मी प्रसन्न दिसतो.

१८ मे, रविवार, दुपारी २

अकराला आली. बारा चाळीसला गेली.

पाहणी उत्तम झाली. आधी स्वयंपाकघरात गेली. पातेलं हातात घेतलं, उलटं करून बघितलं, ठेवलं. बाल्कनीत गेली. रोपांना हात लावला, म्हणाली, छान ठेवलीत. बेडरूमच्या दारात थांबली. पलंगावरची चादर मी हॉटेलसारखी ताणून घातली होती.

जेवता का म्हणून विचारलं. वेळेवर, म्हणालो. झोप? उत्तम. बारीक दिसता. चालतो रोज. माझ्यावाचून काही अडलं का? छे, काहीच नाही, तू काळजी करू नकोस.

एकाही उत्तरात अडखळलो नाही.

मग चहा घेतला. ती कप दोन्ही हातांत धरून बराच वेळ बसली. म्हणाली, बरं झालं, मी उगाच घाबरत होते. हसलीसुद्धा थोडी. मग कपाटातून स्वेटर आणि शाली काढल्या, आईचा फोटो घेतला. मी बॅग खाली नेऊन दिली. टॅक्सीत बसताना तिने विचारलं, नक्की ठीक आहात ना? नक्की, म्हणालो.

खोली घेणार आहे. एक तारखेपासून.

१८ मे, संध्याकाळी ६

कुठे चुकलं ते बघण्यासाठी सगळं पुन्हा वाचून काढलं. सापडलं.

ती विचारत होती. चार-चार वेळा विचारत होती. मी जेवत नाही, पलंगावर तिची बाजू रिकामी बघून झोपवत नाही म्हणून कोचावर पडतो, संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली की उठून दारापर्यंत जातो, यातलं एक जरी सांगितलं असतं. सांगायचंही नव्हतं खरं तर. नुसतं राहू द्यायचं होतं, तिने आपणच बघितलं असतं. मी तिच्यासमोर सगळं साफ करून ठेवलं आणि वर विचारल्यावर खोटं बोललो.

आणि तिची आई गेली तेव्हा मी तिच्याजवळ बसायला हवं होतं. वय किती होतं याचा काही संबंध नव्हता. हे मला आज कळतंय, हे फार वाईट आहे.

मला तिच्यावाचून राहता येत नाही. इथे लिहायला सोपं आहे, इथे कुणी वाचत नाही.

संकल्प: उद्या सकाळी आठला फोन करणे. हेच शब्द वाचून दाखवणे. स्पष्टीकरण न देणे. आकडे न सांगणे.

१९ मे, सकाळी ८.२०

आठला केला. पहिल्याच रिंगला उचलला. म्हणजे फोन हातातच असावा.

काय झालं म्हणून तिने विचारलं. वही समोर उघडी होती. पान बरोबर होतं. तिने पुन्हा विचारलं, अहो, काय झालं, बोला ना.

मी विचारलं की वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्याचा नंबर कुठे आहे.

मग तिने तो तोंडपाठ सांगितला, सावकाश, दोनदा. मी लिहून घेतला. थँक्यू म्हणालो. आणखी काही, असं तिने विचारलं. नाही, एवढंच, म्हणालो.

मशीन व्यवस्थित चालू आहे.