पाठीमागून सांगितलेले वीस शब्द

केंद्रप्रमुख साहेब,

माझ्या अक्षदाला ऐकू येत नाही, ती ओठ पाहून शब्द ओळखते. तुम्ही इंग्रजीचं श्रुतलेखन बाकांच्या मागे फिरत घेतलंत. तिचा कागद कोरा राहिला, तर "अप्रगत" लिहून मोकळे झालात. नारायणगावचा टोमॅटो बाजार सोडून मी विचारायला आले, तेव्हा म्हणालात, "बाई, नियम सगळ्यांना सारखा." मग तिच्यासमोर उभं राहायला कोणता नियम आडवा आला?

घरी मी तेच वीस शब्द तिच्याकडे तोंड करून सांगितले. माझं इंग्रजी द्राक्षांच्या औषधांच्या डब्यांवरून शिकलेलं, तरी तिने वहीत अठरा बरोबर लिहिले. तिचे वडील असते, तर त्यांनी ती वही तुमच्या टेबलावर आपटली असती. मी मात्र हे पत्रसुद्धा तुम्हाला न देता घरच्या पेटीत ठेवते आहे, कारण पुढच्या महिन्यात तिची फेरपरीक्षा तुम्हीच घेणार आहात.

अक्षदाची आई,
मोहिनी