फुल रेंज, शून्य तक्रारी

सोमवार, १३ ऑक्टोबर. दुपारी.
अखेर खात्याला माझी आठवण झाली. डोंगराचा कडा घसरून रस्ता बंद पडलाय आणि पलीकडच्या दगडखाणीत नऊ कामगार ढिगाऱ्याआड अडकलेत. पोलिसांचे वायरलेस सेट डोंगरापलीकडे पोहोचत नाहीत. म्हणून मोबाईल टॉवरची गाडी घेऊन उद्या पहाटे मी निघायचं. पोलीस, फायर ब्रिगेड, अँब्युलन्स, सगळ्यांचं बोलणं आता माझ्या गाडीवर चालणार. म्हणजे माझ्यावरच.

पायवाटेनं खाणीत उतरलेल्या पथकाचा प्रमुख कोण, तर आमचा जावई. फायर ब्रिगेडमध्ये आहे. शिडीवर चढणं हा पोटापाण्याचा उद्योग असू शकतो हे मला लग्न ठरताना पटलं नव्हतं, अजूनही पटत नाही. आता मात्र सासऱ्याच्या टॉवरवरून बोलावं लागेल. चांगली जिरली.

संकल्प: या वेळी कोणावर ओरडायचं नाही. समोरचा कितीही गाढव असला तरी.

मंगळवार, १४ ऑक्टोबर. सकाळी ७.१०
खिंडीतल्या शाळेच्या मैदानात गाडी लावली. इथली अवस्था बघून लाज वाटली. दूरच्या एका जुन्या टॉवरची जेमतेम एक कांडी येते, आणि धड बोलता येतं ते पाण्याच्या टाकीपाशीच. तिथे पोलीस रांग लावून, एका कानात बोट घालून ओरडत होते. खाणीतही म्हणे एका कोपऱ्यात एक कांडी येते आणि जावई त्यावर काम भागवतोय. भागवण्यात या लोकांचा हात कोणी धरणार नाही.

सकाळी ९.००
टपावरची सॅटेलाइट डिश लावायला एक स्वतंत्र माणूस दिलाय. त्याला मी छत्रीवाला म्हणतो. फोन गाडीपर्यंत येणार, तिथून डिशमधून पुढे जाणार, आणि डिश आकाशात नेमक्या जागी रोखलेली हवी, एवढंच त्याचं शास्त्र. त्यासाठी चाळीस मिनिटं! जसा काही हाच चंद्रावर चाललाय.

सकाळी ११.३०
ड्रायव्हरनं अक्कल गहाण टाकली आहे. खात्याचं नाव गाडीच्या डाव्या अंगाला, आणि डावं अंग टाकीकडे. एक वाजता मोठे साहेब येणार, सोबत पत्रकार. त्यांनी काय नुसता पत्रा बघायचा? गाडी फिरव म्हटलं. लगेच छत्रीवाल्यानं शहाणपण पाजळलं. गाडी हलली तर डिश पुन्हा लावावी लागेल, म्हणे. मी विचारलं, आकाश काय एकाच बाजूला असतं का? त्यानं बोटानं आकाशातली एक जागा दाखवली. फार वाद घालतो म्हणून त्याला जीपमध्ये बसवून परत पाठवून दिला.

ड्रायव्हरनं तीन दमात गाडी फिरवली. नाव आता रस्त्यावरून झकास दिसतं.

दुपारी १.३०
मोठे साहेब येऊन गेले. सगळं ठीक ना, विचारलं. मी नुसता मोबाईल पुढे धरला. पाच कांड्या. फुल रेंज. तसाच फोटोही निघाला: मी, गाडी, कांड्या.

गाडीवर कागद चिकटवला: 'फोनबाबत काही अडचण असल्यास या नंबरवर संपर्क साधावा.' नंबर माझा. जबाबदारी घ्यायला छाती लागते.

संध्याकाळी ५.००
तक्रारी: शून्य.

टाकीपाशी आता चिटपाखरू नाही. तिथेही पाच कांड्या. रांग मोडली मी.

पोलिसांची वायरलेसवाली तेवढी दोनदा येऊन गेली. चाळिशीची बाई, गळ्यात तो म्युझियममधला सेट. साहेब, रेंज दिसतेय पण फोन लागत नाहीये, म्हणे. मी शांतपणे विचारलं, मग तक्रार का नाही नोंदवलीत? मग म्हणाली, साहेब, ती फोनवरच नोंदवायची आहे ना? उलट बोलायची सवय दिसते.

इन्स्पेक्टर खाणीकडे एक माणूस पायी पाठवायला निघाला होता, दुपारपासून तिकडून निरोप नाही म्हणून. मी थांबवलं. फुल रेंज असताना माणसाचे पाय कशाला झिजवायचे? काही लागलं तर करतील की फोन.

घरूनही फोन नाही. बायकोला अखेर माझ्या कामाचं महत्त्व कळलं असावं. मुलगी नर्स आहे, तिला एरवी दिवसातून चारदा चौकशा असतात. तीही गप्प. बरं आहे.

बुधवार, १५ ऑक्टोबर. सकाळी ८.३०
तक्रारी: अजूनही शून्य. यावर एक टिपण लिहायला घेतलंय. 'शून्य तक्रारींचा नमुना.' इतर जिल्ह्यांना मार्गदर्शक ठरावं.

ड्रायव्हरनं आत एक लाल दिवा दाखवला. डिशच्या बटणाशेजारी पेटलाय, म्हणे. मी सांगितलं, लाल दिवा प्रत्येक मशीनला असतो, आमच्या टीव्हीलासुद्धा आहे. हिरवे सहा पेटलेत ते नाही दिसले याला.

जावयाचा अजून एक फोन नाही. सासरा डोंगरात थंडीत कुडकुडतोय, साधं विचारायला नको? माणुसकी शिडीवरून पडून मेली असावी.

सकाळी ११.४५
जावई आला. चालत. चार तास. गुडघ्यापर्यंत चिखल, ओठ फुटलेले. एका कामगाराचा पाय काल दुपारपासून दगडाखाली आहे. जॅक हवा, डॉक्टर हवा, जमलं तर हेलिकॉप्टर. कालपासून फोन लावतोय, म्हणाला. काल सकाळपर्यंत लागत होता, मग पाच कांड्या आल्या आणि बंदच पडला.

मी माझ्या कांड्या दाखवल्या. त्यानं त्याच्या दाखवल्या. दोघांच्याही पाच. मग तो माझ्याशी बोलायचा थांबला आणि वायरलेसवालीकडे वळला.

दुपारी १२.२०
तिनं ड्रायव्हरला गाडीचा जनरेटर बंद करायला सांगितलं. माझी परवानगी न घेता. आणि सहा वर्षांत माझा एक शब्द पहिल्या फटक्यात न ऐकलेल्या त्या माणसानं तो लगेच केला.

अर्धा मिनिट काही नाही. मग टाकीपाशी कुणाचा तरी फोन वाजला. मग शाळेत तीन. वायरलेसवालीचा कंट्रोल रूमला पहिल्याच झटक्यात लागला आणि ती घडाघडा सांगू लागली. मग माझा फोन थरथरायला लागला, तो थांबेचना. सदतीस मेसेज. एकोणीस जावयाचे. त्याच्या फोनमध्ये अडकून पडले होते आणि आता तो माझ्यापासून दोन हातांवर उभा असताना एकेक करून येत होते. पहिला काल दुपारी १.४० चा: बाबा, तुमच्या गाडीचं काहीतरी बिघडलंय, बघा ना. शेवटचा: बाबा, कोणालातरी सांगा, तो ओरडायचा थांबलाय.

दीड वाजता खाणीवर हेलिकॉप्टर होतं. कालही तासाभरात आलं असतं, असं इन्स्पेक्टर कोणालातरी सांगत होता. मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

गुरुवार, १६ ऑक्टोबर. सकाळी.
खुलासा लिहायला बसलो. अकरा पानं झाली. छत्रीवाल्यानं पुरेसा जोर देऊन सांगितलं नाही. ड्रायव्हरनं गाडी फिरवली. फिरव म्हणणं आणि फिरवणं यात फरक आहे. हवा दमट होती. शिवाय फोनांनी माझी गाडी धरावी आणि जुना टॉवर सोडावा, यात गाडीच्या ताकदीचा पुरावाच आहे. हा मुद्दा पान सातवर घेतलाय.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर. दुपारी.
बाकीचे आठ सुखरूप आहेत. नववा मुलीच्याच वॉर्डात आहे. खुलासा आधी तिला दाखवावा म्हणून गेलो. घरातलं माणूस, समजून घेईल.

तिनं उभ्याउभ्या पहिलं पान वाचलं. मग विचारलं, बाबा, दोन दिवसांत तुम्ही स्वतः एक तरी फोन लावून बघितलात का? मला, आईला, कोणालाही?

मी म्हटलं, तांत्रिक चाचणी ही प्रमुखाची जबाबदारी नसते. ती वाट बघत राहिली. मग मी नाही म्हणालो. तिनं कागद माझ्या हातात दिले आणि ड्रेसिंगचं सामान आणायला गेली.

मी खाटेपाशी उभा होतो. पंचविशीचा असेल पोरगा. डोळे उघडून मला म्हणाला, काका, उजव्या पायाला फार खाज सुटलीय, जरा खाजवता का? उजवा पाय गुडघ्याखाली नाहीये. त्याला सांगितलंय की नाही, मला माहीत नव्हतं. पळून जावंसं वाटलं. मग कागद खाटेखाली ठेवले, खाली वाकलो आणि जिथे पाय असता तिथे चादर हळूहळू खाजवली.

बरं वाटलं, म्हणाला.