मशीनचा खाडा

६ फेब्रु., सोम.
आजही फेल. पवनचक्कीची वीज वाऱ्यासारखीच लहरी. ती सरळ करून ग्रिडला द्यायची, एवढंच आमच्या कन्व्हर्टरचं काम. ग्रिडचं व्होल्टेज क्षणभर पडलं तर पूर्वी मशीन ग्रिडपासून सुटलं तरी चालायचं. आता नवा नियम: सुटायचं नाही, धरून राहायचं. लॅबमध्ये आम्ही मुद्दाम व्होल्टेज पाडतो, आणि आमचं लाडकं धाडकन सुटतं. फिटर नितीन ओरडतो, "मॅडम, खाडा!" शब्द मीच दिलेला, मला बाबांनी. गिरणीत गैरहजर राहिलं की खाडा.

८ फेब्रु.
जेवताना बाबा: "मशिनीन आज खाडो केल्यान?" बरं वाटलं. संपानंतर गिरणीचं नावसुद्धा काढत नव्हते. आमची लॅब नेमकी त्यांच्याच साचेखात्याच्या जागेत, जिथे त्यांचे माग चालायचे. त्या फाटकासमोरून अजून जात नाहीत, पलीकडच्या फुटपाथने जातात.
त्यांना नियम समजावला. ठरलेला वेळ धरून राहायचं. तेवढ्यात ग्रिड सावरली तर ठीक, नाही तर सुटायची मुभा. बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, "मशिनीक तरी सांगतास, कितीवेळ धरून ऱ्हवाचा ता. आमका कोणी सांगूकच नाय."


१३ फेब्रु.
सेटिंग बदललं. धरून राहिलं! नितीनने शिट्टी मारली, सगळ्यांना वडापाव. शुक्रवारी क्लायंटसमोर टेस्ट.

१५ फेब्रु., बुध.
नितीन आणि बाकीचे फिटर काम बंद ठेवून फाटकावर बसलेत. कितीतरी वर्षं कॉन्ट्रॅक्टवरच. कायम करा म्हणाले, साहेब म्हणाले बघू. बघूचा अर्थ आता सगळ्यांना कळतो.
नितीन म्हणाला, "तुम्ही जा आत. तुमचं वेगळं आहे."
वेगळं काय डोंबल! डिलाईल रोडच्या एकाच चाळीतले आम्ही. तरी गेले आत.

१६ फेब्रु.
साहेब: "बाहेरून पोरं आणतोय. टेस्ट तू घे. आणि हे बघ, उगाच तमाशा नको, मागच्या गेटने ये."
किती सहज म्हणाले! गिरणीच्या संपात मागच्या गेटने संप फोडायला कोण आत जायचं, आणि चाळीत त्यांना काय म्हणायचे, या माणसाला कुठून ठाऊक असणार. चीड आली, आणि तोंडातून निघालं काय, तर "हो सर". नाही गेले तर नोकरी गेली. घरात पगार माझा एकटीचाच. गेले तर नितीनची जागा कायमची भरली. माझ्याच हाताने.
बाबांना बोलले नाही.

१७ फेब्रु., शुक्र., सकाळ
चाळीत काही लपत नाही. बाबांनी चहा पुढे ठेवला, मशीनचं काहीच विचारलं नाही. मी चप्पल घालत होते, तेव्हा बाबा दारातून म्हणाले,
"खंयच्या गेटान जातलंस?"
एक चप्पल पायात, तशीच बसून लिहितेय. साहेबांचा फोन दुसऱ्यांदा वाजतोय. बाबा दारातून हलत नाहीत.