राबात टाकलेला पांढरा पाइप

४ एप्रिल, महाड
बारावीचा जादा तास. पीव्हीसी, म्हणजे पांढऱ्या पाइपचं प्लास्टिक. फळ्यावर तीन बंध, ताकदीच्या क्रमाने: कार्बन-क्लोरीन < कार्बन-कार्बन < कार्बन-हायड्रोजन. पहिला सर्वांत कच्चा. तापला की क्लोरीन सुटतो, शेजारचा हायड्रोजन घेऊन जातो. ॲसिडची वाफ. मुलांनी निमूट उतरवून घेतलं.
दुपारी गावाहून दादाचा फोन. "आयेला धाप लागलीय. पोलादपूरला आनलीय. तू ये."

५ एप्रिल, पोलादपूर, दवाखाना
आई ऑक्सिजनवर. डोळे लालभडक.
काल घरचे राब, म्हणजे भाताची रोपं करायची जमीन, भाजत होते. पालापाचोळा कमी पडला म्हणून दादाने झऱ्याचं पाणी आणणाऱ्या जुन्या पाइपचे तुकडे टाकले वर. पांढरा पाइप! तो धड पेटतही नाही, नुसता धुमसतो. आणि आई तासभर काठीने ढोसत बसली, पेटावा म्हणून!
डोकं फिरलं माझं. दवाखान्याच्या पायरीवर नाही नाही ते बोलले. अडाणी म्हणाले त्याला, वहिनीसमोर.

६ एप्रिल
सकाळी दादा चहा पुढे ठेवून म्हणाला, "तूच सांगितलंस ना गो शिमग्याला? पाइप उन्हात का तडकतो इचारलं, तर म्हनालीस, ह्यात क्लोरीनची कडी कच्ची हाय. मला वाटलं, कच्ची हाय तर पटकन जळून जाईल. तरास कसला?"
सांगितलं होतं. बोटांत बोटं अडकवून दाखवलंही होतं. अख्खी वाडी ऐकत होती, मला चेव आलेला. कडी सुटली की बाहेर काय पडतं ते सांगायचं राहिलं. जेवणाची पानं वाढली होती, उठले. शहाणी!

७ एप्रिल
धाप किंचित कमी. डॉक्टर म्हणतात, बघू. काय बघू? विचारलं तर नुसतं बघू.
दादाला अजून सॉरी म्हटलेलं नाही. त्याच्यावर चिडणं सोपं होतं.
वहिनी म्हणाली, उरलेले तुकडे चार घरांनी नेलेत. त्यांचे राब अजून भाजायचेत.
उद्या पहिल्या एसटीने वाडीत जाते. काय नि कसं सांगायचं ते कागदावर काढत बसले होते. बंध, उष्णता, वाफ. दादाने डोकावून पाहिलं.
"एवढं नको गो. नुसतं जाळू नका म्हन."
कागद फाडला. आईच्या तोंडावर मास्क तसाच आहे.