पोरं परतली का?

आई, तुला लिहीन लिहीन म्हणत किती दिवस टाळलं. कधी कीवीच्या बागेत तोडणी होती, कधी ओटाहुहूच्या डेअरीत काउंटरवर होतो. डेअरी म्हणजे दूध नव्हे गं, इथे कोपऱ्यावरच्या दुकानाला म्हणतात. काम नव्हतं तेव्हा जँडल्स, म्हणजे आपल्या रबरी स्लिपर, घालून नुसता समुद्राकडे बघत बसलो. कारणं हीप्स आहेत, ढीगभर. आज लिहितोय, कारण माझ्यामुळे एक माणूस जेवत नाहीये.

सध्या मनुरेवाच्या एका वृद्धाश्रमात केअरर आहे. म्हणजे तुझंच काम: पुसणं, भरवणं, कूस बदलणं. हसलीस ना? माझ्याकडे एक आजोबा आहेत, शंभरी ओलांडलेले. पोरसवदा वयात महायुद्धासाठी इथून इंग्लंडला गेले, मोठ्या बॉम्बर विमानावर. विमानाच्या नाकात पालथं पडायचं आणि शहर खाली आलं की बॉम्ब सोडायचे, हे त्यांचं काम. एका हल्ल्याच्या वेळी कान सुजला म्हणून डॉक्टरने त्यांना जाऊ दिलं नाही. त्यांच्या जागी दुसरा गेला आणि विमान परतलंच नाही. परतलेल्यांना पहाटे मेसमध्ये अंडी मिळायची, तेव्हाची चैन. आणि आपल्या विमानातले सगळे टेबलावर आल्याशिवाय कोणी काटा उचलायचा नाही, हा त्यांचा रिवाज. त्या पहाटे ते टेबलावर एकटेच बसून राहिले. डोकं ठिकाणावर असताना त्यांनीच मला हे सांगितलं. वर हळूच म्हणाले, “खालच्या शहरातल्यांचं कोणी विचारत नसे. मीही नाही विचारलं.”

हल्ली ते त्याच पहाटेत अडकलेत. रोज संध्याकाळी विचारतात, “पोरं परतली का?” आमची सामोअन सिस्टर हसून उडवते, “आधी टी, डार्लिंग.” इथे रात्रीच्या जेवणालाच टी म्हणतात, पहिल्या दिवशी मी कपबशी घेऊन गेलो होतो. असो. परवा सिस्टरची सुट्टी होती. आजोबांनी माझं मनगट घट्ट धरलं. मला बघवेना. म्हटलं, “परतली. सगळी. स्वीट ॲज.” ‘सगळं झकास’ला इथे असंच म्हणतात.

चेहरा असा उजळला म्हणून सांगू! मग ताट बाजूला सारून म्हणाले, “थांबू या. हात धुऊन येतीलच.” तेव्हापासून थांबलेत. पाणी तेवढं घेतात.

मला सारखा तुझा वॉर्ड आठवतोय. शाळा सुटली की मी थेट तिकडेच यायचो. खिडकीजवळचा म्हातारा विचारतो, “मुलगा आला का गं, मावशी?” आणि तू सरळ सांगतेस, “नाही आला, बाबा. मी आहे. दोन घास खा.” तो रडतो, आणि रडत रडत खातो. बाहेर येऊन मी तुझ्यावर चिडलो होतो, हो म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं? तू म्हणालीस, “दाराकडे बघत उपाशी राहिला असता, गधड्या. भरवायचं कोणी, तू?”

सकाळी ठरवलं, आज खरं सांगायचं. दारापर्यंत गेलोही. पण मी खरं सांगितलं, तर ती पोरं त्यांच्यासाठी आजच मरणार. तुझ्या म्हाताऱ्याचा मुलगा निदान कुठेतरी जिवंत होता. असलं काही तुला कधी सांगावं लागलं का गं?

तू गेल्यावर हे पाठवायचं तरी कुठे? खरं सांगू, सल्ला नकोच आहे. तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. एकदा ‘गधड्या’ ऐकायचं होतं.

थांब, बाहेर कोणीतरी आलंय. आजोबांची मुलगी! बॉटनी डाउन्सला, इतक्या जवळ राहून वर्षानुवर्षं फक्त फोन करते ती. बापाला कधी हसताना पाहिलं नाही म्हणते. आज हातात केक आहे, आणि सिस्टरला विचारतेय, “डॅड काल फोनवर हसत होते! पोरं परतली म्हणाले. कोणी सांगितलं त्यांना? मला त्याला थँक्यू म्हणायचंय.”

सिस्टर माझ्याकडे बोट दाखवतेय.